खाली कवीचं नाव छापलं, मग परवानगी कशाला?

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यातल्या दोघी बहिणी मराठी कवितांच्या ओळी छापलेले कप, टी-शर्ट आणि कापडी पिशव्या विकतात. काही इन्स्टाग्रामवर, काही नौपाड्यातल्या आणि वाशीच्या प्रदर्शनांत. प्रत्येक ओळीखाली कवीचं नाव असतं. मध्यंतरी एका दिवंगत कवीच्या घरच्यांचा मेल आला: विक्री थांबवा आणि आजवरचा हिशेब द्या. त्याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या एका पिशवीवरचं चित्र दुसऱ्याच स्टॉलवर जसंच्या तसं लटकलेलं दिसलं. ओळखीपाळखीत विचारलं तेव्हा चार सल्ले मिळाले. नाव दिलंय ना, मग चालतं. दोन ओळींना कोण विचारतो? त्यांनी कुठे रजिस्टर केलंय? आणि चौथा: तुमचंही रजिस्टर नाही, तेव्हा त्या स्टॉलवाल्याचं तुम्ही काही वाकडं करू शकत नाही.

चारही सल्ले चुकीचे आहेत. पहिले तीन तुम्हाला बेफिकीर करतात आणि चौथा उगाच हात टेकायला लावतो. मी ठाण्यात वकिली करते, छोट्या धंदेवाल्यांची कॉपीराइट आणि ट्रेडमार्कची कामं पाहते. माझ्याकडे येणारा माणूस यातला निदान एक सल्ला घरूनच घेऊन आलेला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नावापासून सुरुवात करू. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाचे हक्क दोन जातींचे आहेत. एक पैशाशी जोडलेला: प्रती काढणं, त्या विकणं, भाषांतर, रूपांतर करणं किंवा दुसऱ्याला करू देणं. हे कलम १४. दुसरा नावाशी जोडलेला: ही कृती माझी आहे असं सांगण्याचा, आणि तिची मोडतोड करून कोणी माझ्या प्रतिष्ठेला धक्का लावत असेल तर त्याला अडवण्याचा. हे कलम ५७. कवीचं नाव छापलंत तेव्हा तुम्ही दुसऱ्या हक्काचा मान राखलात. पहिल्याला त्याने काडीचाही फरक पडत नाही. उलट, ज्याला खरोखरच माहीत नव्हतं की हे कोणाच्या तरी मालकीचं आहे, त्याला नुकसानभरपाईच्या बाबतीत कलम ५५ थोडी सवलत देतं. तुम्ही खाली नाव छापून ती वाट स्वतःच बंद केलीत. याचा अर्थ नाव गाळावं असा मुळीच नाही. नाव गाळलंत तर दुसरा हक्कही मोडलात. पण नाव म्हणजे परवानगी नव्हे. ‘नावासह पुढे पाठवा’ ही व्हॉट्सअ‍ॅपची शिष्टाई आहे, कायदा नाही. व्हिडिओखाली ‘कॉपीराइट भंगाचा हेतू नाही’ असं लिहिण्याचंही तेच. हेतू नव्हता म्हणून भंग झालाच नाही, असं होत नसतं.

जाता जाता एक. नाव छापायचं तर ते बरोबर असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पु. ल. आणि कुसुमाग्रज यांच्या नावावर जे फिरतं त्यातलं कितीतरी त्यांनी कधी लिहिलेलं नाही, आणि २७ फेब्रुवारी जवळ आला की या पिकाला बहर येतो. स्टेटसवरची चूक दुसऱ्या दिवशी पुसली जाते; कपावरची भट्टीतून भाजून निघते. ओळ छापण्याआधी पुस्तकातलं पान डोळ्यांनी बघा. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभं आहे, तिथे चक्कर मारा. पुस्तकाच्या त्याच प्रतीत प्रकाशकाचं नाव आणि हक्क कोणाकडे आहेत तेही छापलेलं असतं, आणि पुढे तुम्हाला ते लागणारच आहे.

आता ‘दोनच ओळी’. दहा टक्के, तीस सेकंद, चार ओळी, तीस टक्के बदल, असले आकडे मी इतक्यांदा ऐकले आहेत की कोणी तरी ते गंभीरपणे लिहून ठेवले असावेत असं वाटतं. कायद्यात असा एकही आकडा नाही. पाहतात ते एवढंच, की घेतलेला भाग मूळ कृतीचा महत्त्वाचा भाग आहे का. आणि महत्त्व लांबीवर मोजत नाहीत. तुमच्याच कपाकडे बघा. त्यावर दोन ओळी सोडून दुसरं काय आहे? कोरा कप कोपऱ्यावरच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळतो. तुमचा विकला जातो तो त्या ओळींमुळे. गझलेत तर मामला आणखी नाजूक, कारण गझलेतला प्रत्येक शेर स्वतःपुरता पूर्ण असतो. एक शेर उचलला म्हणजे गझलेचा तुकडा उचलला असं म्हणायला जागाच राहत नाही. माझ्या मते तुम्ही एक अख्खी कविता उचलली.

मग दोन ओळी कधीच घ्यायच्या नाहीत का? तसंही नाही. त्या कवितेवर लेख लिहा आणि लेखात चार काय, आठ ओळी उद्धृत करा. समीक्षा, रसग्रहण, स्वतःचा अभ्यास, चालू घडामोडींचं वार्तांकन यांना कलम ५२ ने मोकळीक दिली आहे. शिक्षकाने वर्गात शिकवण्यासाठी काढलेल्या प्रतींनाही दिली आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी लावलेला दावा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात फसला तो याच कलमापायी. पण आपल्याकडची ही यादी ठरलेली आहे. अमेरिकेत न्यायालय चार निकष लावून कोणताही वापर ‘फेअर यूज’ ठरवू शकतं, आणि यूट्यूबवरचे सल्लागार तेच निकष आपल्याला ऐकवतात. आपल्या यादीत ‘कपावर छापून विकणे’ कुठेच बसत नाही.

‘कवी तर केव्हाच गेले’ हे तुमच्या प्रश्नात नाही, पण मनात असणारच. कॉपीराइट लेखकाबरोबर जात नाही. तो मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, आणि ही साठ वर्षं मृत्यूच्या तारखेपासून नव्हे, पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. हिशेब करून बघा. मर्ढेकर २० मार्च १९५६ रोजी गेले. साठ वर्षं १ जानेवारी १९५७ पासून, म्हणजे ३१ डिसेंबर २०१६ ला संपली. मर्ढेकर आज तुमच्या पिशवीवर बिनधास्त येऊ शकतात. बालकवी, केशवसुत, गोविंदाग्रज तर कधीचेच मोकळे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या कविता २०५९ संपेपर्यंत संरक्षित. सुरेश भट २००३, म्हणजे २०६३. विंदा २०१०, म्हणजे २०७०. पाडगावकर ३० डिसेंबर २०१५ ला गेले. मोजणी दोनच दिवसांनी सुरू झाली आणि ती २०७५ अखेर संपेल. प्रदर्शनांतले कप मी हातात घेऊन बघते, आणि त्यांवर सगळ्यात जास्त दिसतात ते हेच चौघं. लोकांना आवडतात तेच नेमके बंद कपाटात आहेत.

भा. रा. तांब्यांची गोष्ट मला फार आवडते. ते १९४१ साली गेले, रवींद्रनाथ ठाकूरही त्याच वर्षी. तेव्हाच्या तरतुदीनुसार संरक्षण पन्नास वर्षांचं होतं, म्हणजे दोघांचंही १९९१ अखेर संपणार होतं. ठाकुरांच्या साहित्याचं काय होणार यावरून बरीच चिंता झाली आणि वर्ष संपता संपता वटहुकूम निघाला. १९९२ मध्ये कायद्यात पन्नासचे साठ झाले. शांतिनिकेतनापायी तांब्यांनाही दहा वर्षं वाढवून मिळाली. ती २००१ ला संपली.

लेखक हयात असताना जे छापलंच गेलं नाही त्याची मोजणी प्रकाशनापासून होते. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली. म्हणून त्यांची साठ वर्षं २०१२ पर्यंत धरायची. त्याही आता मोकळ्या. ज्ञानेश्वरी, तुकोबांचे अभंग, समर्थांच्या आरत्या यांना तर कोणीच मालक नाही. पण इथे पाय घसरतो. अभंग तुकोबांचा असला तरी एखाद्या संपादकाची आजची प्रस्तावना, अर्थ आणि टिपा त्या संपादकाच्या आहेत. ज्या सुलेखनकाराने ती ओळ वळणदार अक्षरांत लिहिली आणि तुम्ही पिंटरेस्टवरून उतरवली, ते लिखाण त्या कलाकाराचं चित्र आहे. ओळ फुकट, अक्षर नाही. आणि कॅसेटवरचा अभंग वाजवायचा तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क ते बाहेर पडल्यापासून वेगळी साठ वर्षं चालतो. आरती सतराव्या शतकातली असताना घरच्या गणपतीच्या व्हिडिओवर यूट्यूबची नोटीस का येते, याचं उत्तर हेच. आणि ती नोटीस म्हणजे यंत्राने लावलेला तर्क असतो, कोर्टाचा निकाल नव्हे. तुम्ही घरच्यांनीच टाळ्या वाजवत म्हटलेल्या आरतीवर ती आली तर हरकत नोंदवा.

चित्रपटगीताचा मुखडा टी-शर्टवर घ्यायचा असला की लोक गायकाला विचारतात. गायकाकडे सादरीकरणाचा हक्क असतो, शब्दांचा नाही. शब्द गीतकाराचे, म्हणजे बऱ्याचदा करारानुसार निर्मात्याकडे किंवा संगीत कंपनीकडे गेलेले, चाल संगीतकाराची, आणि तबकडीवरचा आवाज तिसऱ्याचा. टी-शर्टवर नुसते शब्द आहेत, तेव्हा शब्दांचा धनी शोधा. नुसत्या शीर्षकाला मात्र कॉपीराइट नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हिंदी चित्रपटाच्या नावाच्या वादात हे स्पष्ट केलं. त्या नावाचा ट्रेडमार्क कोणी घेतला असेल तर तो वेगळा विषय.

वारली चित्रांचंही असंच. शैली कोणाची नाही. त्रिकोणांची माणसं आणि तारपा नाच कोणीही काढावा. पण एखाद्या कलाकाराने काढलेलं अमुक चित्र त्याचं आहे. पालघर २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून वेगळं झालं, पण तलासरी-डहाणूचे चित्रकार आपल्याला परके नाहीत. पिंटरेस्टवरून उचलण्याऐवजी त्यांना गाठून काम द्या. ते महाग पडत नाही, आणि पुढचा सगळा भाग सोपा होतो.

आता तुमच्या पिशवीकडे येते, कारण खरा घोळ मला तिथे दिसतो. ते चित्र काढलं कोणी? तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि तुम्ही समोर बसला असतात तर मी पहिल्यांदा तेच विचारलं असतं.

तुम्हा दोघींपैकी एकीने काढलं असेल तर उत्तम. पगारावरच्या नोकराने नोकरीचा भाग म्हणून काढलं असेल तरी, वेगळं काही ठरलं नसेल तर ते तुमचंच. पण बाहेरच्या, काम करून पैसे घेणाऱ्या कलाकाराने काढलं असेल, तर तुम्ही पैसे चुकते केले तरी कॉपीराइट सर्वसाधारणपणे त्याचाच राहतो. हे ऐकलं की लोक खुर्चीत सरसावून बसतात. घोडबंदर रोडला किती सोसायट्या आहेत जिथे लोकांनी फ्लॅटचे पूर्ण पैसे दिले, पंधरा वर्षं राहताहेत, पण कन्व्हेयन्स, म्हणजे सोसायटीच्या नावे हस्तांतरण, झालेलं नाही म्हणून जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे? वापर तुमचा, कागद त्याचा. चित्राचंही तेच झालेलं असतं.

कलाकाराचं बिल काढून बघा. मी बघितलेली बिलं सहसा एका ओळीची असतात: ‘बॅग आर्टवर्क, फायनल फाइल्स, २ करेक्शन्स’, खाली रक्कम, खाली जीपेचा स्क्रीनशॉट. यात हक्क हस्तांतरित केल्याचा एक शब्द नाही. कलम १९ सांगतं की हस्तांतरण लेखी हवं, देणाऱ्याची सही हवी, कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणता प्रदेश, मोबदला काय हे त्यात हवं. आणि लिहायला विसरलात तर कायदा स्वतः रिकाम्या जागा भरतो, त्याही तुमच्या सोयीच्या नाहीत: मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. शिवाय वेगळं ठरलेलं नसेल आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर तोही सुटतो. एका पानाचा कागद पुरतो. कलाकाराशी संबंध चांगले असतानाच तो करून घ्या. भांडणानंतर तीच सही महाग होते.

फोटो आणि रंगवलेल्या चित्रांना मात्र उलटा नियम आहे, आणि इथे वकीलसुद्धा गोंधळतात. कोणी मोबदला देऊन फोटो, रंगवलेलं चित्र (पेंटिंग), पोर्ट्रेट किंवा फिल्म करून घेतली आणि दुसरं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे तुमच्या पिशव्यांचे प्रॉडक्ट फोटो तुमचे, आणि त्याच पिशवीवरचं चित्र नुसतं रेखाटन असेल तर कदाचित तुमचं नाही! लग्नाच्या फोटोग्राफरने नवरानवरीला न विचारता त्यांचे फोटो जाहिरातीत वापरले तर तो हक्काने वापरतोय असं धरून चालू नये, ते याचमुळे. नेटवरून घेतलेला फोटो अर्थातच या कशात बसत नाही. गूगल ही प्रतिमा शोधून देणारी जागा आहे, वाटणारी नाही. © ही खूण दिसली नाही म्हणून ते मोकळं, हाही भ्रमच. खूण आपल्याकडे सक्तीची नाही.

आणि फॉन्ट. बहुतेकांच्या गावी नसतं. फुकट उतरवलेले कितीतरी देवनागरी फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरासाठी असतात. मुक्तासारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट विकायच्या मालावर चालतात. फाइलसोबतचा परवाना एकदा वाचा आणि जपून ठेवा. एआयकडून करून घेतलेल्या चित्रांबद्दल एवढंच सांगते: त्यांचा लेखक कोण याचा निकाल आपल्या न्यायालयांत लागायचा आहे, तेव्हा ज्या चित्रावर ब्रँड उभा करायचा ते माणसाकडून काढून घ्या.

रजिस्ट्रेशन. दोन्ही बाजूंनी तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं. कॉपीराइट कृती निर्माण झाल्याबरोबर जन्मतो; नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणीशिवाय दादच मागता येत नाही असा एक निकाल आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा २०१२ मध्ये आला होता, त्यामुळे काही वर्षं वकीलही तसंच सांगत. मार्च २०२१ मध्ये सोयाबीन तेलाच्या लेबलवरच्या एका वादात त्याच न्यायालयाने तो दृष्टिकोन बाजूला ठेवला आणि नोंदणी सक्तीची नाही हे बैजवार समजावून सांगितलं. म्हणजे त्या कवीच्या घरच्यांना ‘नोंदणी दाखवा’ म्हणून तुम्ही सुटणार नाही, आणि स्टॉलवालाही तुम्हाला तसं म्हणून सुटणार नाही. नोंदणीचा उपयोग पुराव्यासाठी. नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा धरतात. साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये, मालावर वापरायच्या चित्राला २,००० रुपये, आणि त्यासाठी ट्रेडमार्क कार्यालयाचा दाखलाही जोडावा लागतो. अर्जाला डायरी नंबर, म्हणजे नोंद क्रमांक, मिळतो, मग हरकतींसाठी निदान तीस दिवस थांबायचं. स्वतःलाच पोस्टाने पाठवलेल्या बंद पाकिटापेक्षा तुमच्या कच्च्या रेखाटनांचे फोटो, लेअर असलेली मूळ फाइल आणि इन्स्टाग्रामवरच्या पहिल्या पोस्टची तारीख जास्त कामाची.

एक सापळा मात्र खरा आहे आणि तो तुमच्यासारख्यांसाठीच रचलेला वाटतो. कलम १५(२): जे डिझाइन ‘डिझाइन कायदा’ या वेगळ्या कायद्याखाली नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते ज्या वस्तूवर वापरलं ती यांत्रिक पद्धतीने पन्नासहून अधिक वेळा काढली, की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. पन्नास पिशव्या म्हणजे एका शनिवारचं प्रदर्शन! पण हे सरसकट नाही. चित्र म्हणून स्वतंत्र उभं राहणारी कलाकृती आणि वस्तूवर लावण्यासाठीच रचलेली नक्षी यांत कायदा फरक करतो, आणि तो कसा ओळखायचा हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये एका निकालात सांगितलं. तुमच्या पिशवीवर तलावपाळीचं हाताने काढलेलं दृश्य असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम. नुसती फिरून फिरून येणारी वेलबुट्टी असेल तर मी काळजी करीन. पुढच्या वेळी तशी नक्षी बाजारात आणण्याआधी डिझाइन म्हणून नोंदवा. आणल्यानंतर ती ‘नवी’ राहत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हे वाचणाऱ्यांत सोसायटीच्या सांस्कृतिक समितीवरचे लोक असणार. रहिवाशांसाठीच असलेल्या बंदिस्त हॉलमध्ये सोसायटीने गाणी लावली तर त्याला कायद्यात सूट आहे. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता नाटक किंवा गाणं सादर केलं तर त्यालाही आहे, पण ती सूट सादरीकरणाची, मागे लावलेल्या रेडिमेड ट्रॅकची नाही. लग्न आणि वरात धार्मिक समारंभात धरली आहे. त्याच्या कडा मात्र अजून भांडणात आहेत. हॉटेलांतल्या लग्नसमारंभांबद्दल गोवा सरकारने काढलेलं परिपत्रक ऑगस्ट २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केलं, तेव्हा बँक्वेट हॉलवाल्याने आणि डीजेवाल्याने परवान्याचं आपसात काय ठरवलं आहे ते लेखी विचारून घ्या. मानधनाचे कलाकार, प्रायोजकांचे फलक आणि तिकीट असलेल्या दिवाळी पहाटेला यातली कुठलीच सूट नाही. आणि गडकरी रंगायतनात गडकऱ्यांचं नाटक करायला गडकऱ्यांच्या वारसांना विचारावं लागत नाही, ते १९१९ मध्येच गेले. पण एखाद्या आजच्या दिग्दर्शकाची रंगावृत्ती वापरत असाल तर त्याला विचारा.

राहिला मेल. तो डिलीट करू नका आणि घाबरून लगेच पैसेही पाठवू नका. ती ओळ असलेला माल आजच विक्रीतून काढा, पोस्ट उतरवा, शिल्लक मोजून ठेवा. मग नम्रपणे विचारा की आपण वारस कोणत्या नात्याने आहात, सगळ्या वारसांच्या वतीने लिहीत आहात का, आणि वस्तूंवर छापण्याचा हक्क आपल्याकडे आहे की प्रकाशकाकडे. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. प्रकाशकाकडे बहुधा पुस्तकापुरतेच हक्क असतात, आणि चुकीच्या माणसाला दिलेले पैसे बरोबर माणसाला दिल्यासारखे होत नाहीत. बिनबुडाच्या धमक्या देणाऱ्याविरुद्ध कलम ६० खाली दावा लावता येतो, पण तुमची केस ती नाही. तुम्ही छापलंय. ‘हे फक्त दिवाणी प्रकरण आहे’ असंही कोणी सांगेल, तर तसं नाही: जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये म्हटलं आहे. कवीच्या घरचे सहसा इतक्या थराला जात नाहीत. त्यांना बहुतेक वेळा आपल्याला कोणी विचारलं नाही हेच लागलेलं असतं. झालेल्या विक्रीचा खरा आकडा सांगा, त्यावर वाजवी टक्केवारी द्या, आणि पुढच्यासाठी लेखी परवाना मागा: कोणत्या ओळी, कोणत्या वस्तू, किती नग, किती वर्षं. ओळीतला शब्द बदलून विनोद करणार असाल तर तेही आधी सांगा, कारण तिथे कलम ५७ आडवं येतं.

त्या स्टॉलवाल्याबद्दल. चित्र तुमचं आहे हे कागदावर पक्कं झाल्यावर आधी नोटीस द्या. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर, तो कुठलाही असला तरी तुमचं राहणं आणि धंदा ठाण्यात असल्याने दावा ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. वाशी-नेरुळवाल्यांनाही तेच, खारघर-पनवेलवाल्यांनी मात्र लक्षात ठेवावं की ते रायगड जिल्ह्यात येतात. मनाईहुकमाची घाई नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी करावी लागते. पण पुरावा आत्ताच गोळा करा. नुसता फोटो काढलात तर तो म्हणेल आमच्या स्टॉलचा नाहीच. त्याच्या स्टॉलवरून एक पिशवी ओळखीच्या कोणाला तरी विकत घ्यायला लावा, बिल मागायला सांगा, बिल देत नसेल तर यूपीआयने पैसे द्या म्हणजे नाव आणि तारीख राहते. मग ती पिशवी न वापरता, टॅगसकट, बिलाबरोबर पाकिटात घालून ठेवा.